विजापूर बघायचं तर पश्चिमेकडून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलुंडहून तुम्ही चौघं निघणार, म्हणजे तुम्ही, यजमान, आठवीतली मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. सोलापूरला लग्न आहे, त्याला जोडून एका दिवसात विजापूर उरकेल का? गोलघुमट सोडून तिथे आहे तरी काय? मशिदी-दर्ग्यांत आपल्याला जाऊ देतात का? आणि अफझलखान जिथून निघाला ते शहर मुलीला दाखवायचं तर काय सांगून दाखवायचं?

मुंबईतून वारसास्थळांच्या सहली नेणं हेच माझं गेली अनेक वर्षं काम आहे, आणि विजापूर हे त्यातलं माझं सर्वांत लाडकं गाव आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एका दिवसात उरकेल, पण उरकू नका. सोलापूरहून सकाळी गाडी करून लोक निघतात. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. अकराला गोलघुमट, टाळ्या वाजवून प्रतिध्वनी, मुलूखमैदान तोफेसमोर फोटो, जेवण, इब्राहिम रोज्यात वीस मिनिटं आणि अंधाराच्या आत परत. असे परतलेले लोक मला भेटतात आणि सगळे एकच वाक्य सांगतात, "घुमट खूप मोठा आहे." ते खरंच आहे, पण त्यासाठी एवढी पायपीट करायला नको. दोन दिवस आणि मधली एक रात्र द्या. शहर त्याहून जास्त मागत नाही, त्याहून कमी दिलं तर काही देतही नाही.

निघण्यापूर्वी मुंबईत एक काम करा. मुलीला घेऊन बोरीबंदरच्या जीपीओत जा. 1913 साली पूर्ण झालेली ही इमारत जॉन बेग या वास्तुरचनाकाराने विजापूरच्या गोलघुमटावरून बेतली. मधल्या दालनात उभं राहून वर पाहायला सांगा. त्या घुमटाचा व्यास 65 फुटांच्या आसपास आहे, तो डोळ्यांत साठवून ठेवला की गोलघुमटाखाली गेल्यावर तिला दुप्पट म्हणजे काय ते कुणी समजावून सांगावं लागणार नाही. काळाघोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमटही विजापूरकडेच बघून बांधलेला आहे, आणि आत दख्खनी शैलीची चित्रं आहेत. ती बघितलीत तर विजापूरच्या सुलतानांचे चेहरे ओळखीचे होतील. 1956 पर्यंत विजापूर आपल्या मुंबई राज्यात होतं, तेव्हा हे नातं आजचं नाही.

आता "पश्चिमेकडून" का म्हणतो ते सांगतो. विजापूर कोरड्या माळावर वसलंय. मोठी नदी जवळ नाही. अशा ठिकाणी दहा किलोमीटर घेराचा तट बांधून राजधानी चालवायची तर आधी पाणी हवं, आणि पाणी पश्चिमेकडच्या तोरवी गावाच्या बाजूने आलं, जमिनीखालच्या बोगद्यातून. पुढे 1651 मध्ये मोहम्मद आदिलशहाने दक्षिणेला बेगम तलाव बांधला आणि तिथून खापरी नळांनी पाणी शहरात खेळवलं. दाब वाढून नळ तडकू नयेत म्हणून वाटेत चौकोनी मनोरे उभारले. आपल्याकडे कात्रजच्या नळाला उसासे आहेत, त्याच कामाचे. हे मनोरे आजही शहरात मधूनच, एखाद्या घराला खेटून, दुकानामागे उभे दिसतात. रिक्षावाल्याला "गंज" म्हणून विचारा. मुलीला दोन मनोरे शोधायला लावलेत तर गोलघुमटाच्या प्रतिध्वनीपेक्षा हेच तिच्या जास्त लक्षात राहील. मी नेलेल्या मुलांच्या बाबतीत तरी तसंच झालेलं आहे.

तर पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास इब्राहिम रोजा. तटाच्या बाहेर, पश्चिमेला. दीड तास ठेवा, आणि दोन तास गेले तरी घाई करू नका. माझ्या मते विजापुरातली सर्वांत सुंदर वास्तू हीच, गोलघुमट नव्हे.

एका उंच जोत्यावर दोन इमारती समोरासमोर आहेत: पूर्वेला मकबरा, पश्चिमेला मशीद, मध्ये हौद. इथे दुसरा इब्राहिम आदिलशहा, त्याची बेगम ताज सुलताना आणि कुटुंबातली माणसं पुरलेली आहेत. वास्तू बेगमेसाठी योजली होती, पण 1627 मध्ये आधी इब्राहिमच गेला. काम पाहणाऱ्या मलिक संदलचं नाव शिलालेखात कोरलेलं आहे. आपल्या इतिहासात बांधणाऱ्याचं नाव क्वचितच उरतं, म्हणून ते मुद्दाम लक्षात ठेवा. ताज बावडीशीही तेच नाव जोडलेलं आहे.

मकबऱ्याच्या व्हरांड्यात शिरलात की लगेच आत जाऊ नका. बाहेरच्या भिंतीवरून सावकाश एक फेरी मारा. पूर्ण भिंत कोरलेली आहे. विजापूरचा दगड आपल्याच सह्याद्रीचा भाऊ, काळा बेसॉल्ट. त्याच्यावर नक्षी काढणं किती चिवट काम आहे हे आपल्याकडच्या लेण्यांवरून कळतंच. इथे तर खिडक्यांच्या जाळ्याच अक्षरांच्या आहेत. म्हणजे आधी जाळी आणि मग तिच्यावर अक्षरं असं नाही. दगड आरपार कोरून अरबी अक्षरंच शिल्लक ठेवली आहेत आणि उजेड त्या अक्षरांच्या मधून आत येतो. हे बाहेरून नीट दिसत नाही. आत जा, अंधाराला डोळे सरावू द्या आणि मग खिडकीकडे बघा. दुपारनंतर पश्चिमेच्या बाजूने ऊन उतरतं तेव्हा अक्षरं सर्वांत स्पष्ट दिसतात. तीनची वेळ सांगितली ती यासाठीच.

आत वर बघा. खोली साधारण 40 फूट लांब-रुंद, आणि छत सपाट. घुमट त्याच्याही वर, वेगळा आहे. मधला सपाट भाग दगडाच्या लाद्यांचा, खाली खांब नाही, तुळई नाही. लाद्या केवळ चुन्याच्या पकडीवर आणि कडेच्या आत झुकलेल्या भागाच्या आधारावर राहिल्या आहेत, जवळजवळ चारशे वर्षं. अभियंते असलेल्या पर्यटकांना मी इथे जरा वेळ एकटं सोडतो. त्यांना तोच वेळ हवा असतो.

या इब्राहिमविषयी मुलीला जरूर सांगा. नऊ वर्षांचा असताना तो गादीवर आला आणि सुरुवातीला त्याच्या नावाने कारभार पाहिला चांदबिबीने. पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात मुघलांशी लढली तीच ही चांदबिबी, पहिल्या अली आदिलशहाची बेगम. इब्राहिम गाणारा, वाजवणारा. 'किताब-ए-नौरस' हा त्याचा दख्खनी भाषेतला गीतांचा ग्रंथ, आणि त्यात सरस्वती आणि गणपती यांचं स्तवन आहे. आपल्या तंबोऱ्याला त्याने मोतीखान असं नाव दिलं होतं. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. 1599 मध्ये त्याने पश्चिमेलाच नौरसपूर नावाचं नवं शहर वसवायला घेतलं, 1624 मध्ये मलिक अंबरच्या फौजेने ते उद्ध्वस्त केलं. तोरवीजवळ त्याचे अवशेष आहेत. वेळ असेल तरच जा, सासूबाईंना नेऊ नका, वाट खडबडीत आहे.

तिथून शहरात शिरताना मक्का दरवाजाजवळ ताज बावडी लागते. 1620 चं बांधकाम. समोर भव्य कमान, दोन बाजूंना अष्टकोनी मनोरे, आणि खाली साधारण 220 फूट लांब-रुंद हौद. इथे पंधरा मिनिटं पुरतात.

त्याच बाजूला तटावरचा शेरझा बुरूज आणि मुलूखमैदान तोफ. वजन सुमारे 55 टन. 1549 मध्ये अहमदनगरला निजामशाहीसाठी मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ती ओतली. तोंड सिंहाच्या जबड्याचं आणि जबड्यात हत्ती चिरडलेला. तोफेच्या पोटावर हात फिरवला तर भर उन्हातही धातू गार लागतो असं सगळे सांगतात, करून बघा. पण तिची खरी गोष्ट पुढे आहे. परांड्याच्या किल्ल्यातून ही तोफ विजापूरला आणवली मुरार जगदेवाने, 1632 मध्ये. पुणं बेचिराख करून त्यावर गाढवाचा नांगर फिरवला असं आपण ज्याच्याविषयी शाळेत शिकलो, तोच हा मुरारपंत, आदिलशाहीचा ब्राह्मण सरदार. आणि तुळापूरला शहाजीराजांच्या साक्षीने हत्तीची तुला केली अशी कथा आहे तीही याचीच. इंग्रजांच्या काळात, 1854 मध्ये, तोफ लिलावात काढली होती. बोली आली दीडशे रुपये. शेवटी विकली नाही, म्हणून आज तिथे आहे.

तुमच्या अफझलखानाच्या प्रश्नाचं उत्तर मी याच बुरजावर उभं राहून देतो. मुलीने पाठ्यपुस्तकात विजापूर हे शत्रूचं घर म्हणून वाचलेलं आहे, आणि 1659 मध्ये ते तसं होतंच. त्यात काही लपवायचं नाही. मात्र 1636 नंतर शहाजीराजे याच दरबाराचे मोठे सरदार होते. हिशेबात आणि महसुलाच्या कागदांत मराठी चालत होती, फारसी-मराठी अशा दुभाषी फर्मानांचे गठ्ठे आजही दफ्तरांत आहेत. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांची वतनं इथल्या शिक्क्यांनी चालत. हबशी वझीर, इराणी कारकून, मराठे स्वार, ब्राह्मण हिशेबनीस, कानडी गवंडी, सगळे एकाच शहरात. स्वराज्य कशाच्या पोटातून आणि कशाच्या विरोधात उभं राहिलं हे समजायचं तर दोन्ही गोष्टी एकदम मुलीसमोर ठेवा. आठवीतल्या मुलांना ते पेलतं. मोठ्यांपेक्षा त्यांचे प्रश्न सरळ असतात.

शहराबाहेर साठ कबरी नावाची जागा आहे. रांगांमध्ये एकसारख्या कबरी. प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी अफझलखानाने आपल्या बायकांना मारलं, त्या या कबरी, असं सांगितलं जातं. कबरी खऱ्या आहेत, कथा लोकांच्या तोंडून आलेली आहे. मी लहान मुलांच्या सहलीत तिथे जात नाही. तुम्ही ठरवा.

संध्याकाळ उरली तर उपळी बुरूज, 80 फुटांच्या आसपास उंच, बाहेरून वळसे घेत चढणाऱ्या पायऱ्या. वरून पूर्वेला सूर्यास्ताच्या उजेडात गोलघुमट दिसतो, आणि मुलीला शहराचा नकाशा एका नजरेत कळतो. सासूबाई खाली बसतील.

दुसऱ्या दिवशी गोलघुमट, आणि तो पहाटे. दार उघडायच्या वेळी रांगेत पहिले उभे राहा. सहलींच्या बसेस यायला लागल्या की वरच्या सज्जात किंचाळ्यांशिवाय काही ऐकू येत नाही, आणि ज्यासाठी आपण चढलो ते हातातून जातं.

गोलघुमट हा मोहम्मद आदिलशहाचा मकबरा. तो 1656 मध्ये वारला, तोवर हे बांधकाम चालू होतं. आतलं दालन एका बाजूला 135 फूट, आणि मध्ये एकही खांब नाही. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा, हा खरा प्रश्न. उत्तर डोक्यावर दिसतं: एकमेकांना छेदणाऱ्या आठ कमानी. दोन चौकोन एकावर एक, एक जरा वळवून ठेवल्यासारखे. त्यांच्या छेदांतून वर अष्टकोन तयार होतो, त्यावर गोल कडं, आणि कड्यावर घुमट. घुमटाचं वजन बाहेर ढकलतं, आणि आत झुकलेल्या या कमानींच्या मधला भरीव भाग आपल्या वजनाने आत ओढतो. दोन्ही एकमेकांना धरून राहतात. मुलीला कागदावर दोन चौकोन काढायला लावा आणि मग वर बघायला सांगा. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर आहे.

कोपऱ्यांतल्या सात मजली मनोऱ्यांतून वर जायचं. शंभराहून जास्त पायऱ्या, अरुंद, उंच, मध्ये अंधार. लिफ्ट नाही. सासूबाईंनी चढू नये, हे स्पष्ट सांगतो. त्यांना खाली दालनात बसू द्या. प्रतिध्वनीचा अनुभव खालूनही येतो, फक्त वेगळा. तुम्ही तिघं वर सज्जात गेलात की एक जण दारापासून बरोबर समोरच्या बाजूला जाऊ दे, भिंतीला तोंड करून बोलू दे. ओरडायचं नाही, हलक्या आवाजात. आवाज घुमटाच्या वक्र भिंतीला धरून सरकतो आणि पलीकडे कानाशी येतो. कागद चुरगळला तरी ऐकू येतो. मी गटातल्या लोकांना दोन मिनिटं पूर्ण गप्प बसवतो आणि मग एकालाच बोलू देतो. पहाटे हे जमतं, दहानंतर जमत नाही.

खाली लाकडी छत्रीखाली दिसतात त्या कबरी दाखवण्यापुरत्या आहेत. दफनं तळघरात. बाहेर पडल्यावर घुमटाच्या बुडाशी दगडी पाकळ्यांची ओळ बघा, जोड झाकण्यासाठी केलेली आहे. समोर नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथे सासूबाईंचा तास छान जाईल.

मग आरकिल्ला, म्हणजे शहराच्या मधला आतला किल्ला. इथे एक सलग वास्तू नाही, तुकडे आहेत, आणि त्यांच्यामधून आजचं शहर, कचेऱ्या, वाहतूक. मलिक करीमुद्दीनची मशीद 1320 ची, म्हणजे आदिलशाहीच्याही पावणेदोनशे वर्षं आधीची, जुन्या देवळांचे खांब वापरून उभारलेली. गगनमहालाची मधली कमान फार रुंद आहे. 1686 च्या सप्टेंबरमध्ये वेढ्यापुढे शहर पडलं तेव्हा शेवटचा सुलतान सिकंदर, जेमतेम अठराचा मुलगा, इथेच चांदीच्या बेड्यांत औरंगजेबासमोर उभा केला गेला असं सांगतात. त्याच्या बापाचा, दुसऱ्या अली आदिलशहाचा मकबरा जवळच आहे: बारा कमान. 1672 मध्ये तो गेला आणि बांधकाम थांबलं ते थांबलंच. नुसत्या काळ्या कमानींच्या रांगा. घुमट पुरा झाला असता तर केवढा झाला असता याचा अंदाज त्या कमानींवरून येतो.

मेहतर महाल रस्त्यावरच आहे. छज्जाखालचे दगडी तोडे बघा, लाकडाचं काम दगडात केलंय. पाच मिनिटं.

जामा मशीद शेवटी, पण ती सोडू नका. 1565 मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगर पडलं, त्यानंतर आलेल्या पैशातून पहिल्या अली आदिलशहाने तिचं काम काढलं. मनोरे राहूनच गेले. तरी दख्खनमधल्या सर्वांत शांत, प्रमाणबद्ध वास्तूंपैकी ही एक आहे. पांढऱ्या चुन्याच्या कमानींमागे कमानी. जमिनीवर नमाज्यांसाठी आखलेले 2,250 चौकोन औरंगजेबाच्या वेळचे. किब्ल्याच्या दिशेचा कोनाडा, म्हणजे मिहराब, सोनेरी आणि रंगीत कामाने भरलेला आहे, 1636 चा. तो झाकलेला असला तर तिथल्या सेवेकऱ्याला नम्रपणे विचारा.

आता जाऊ देतात का, हा प्रश्न. इब्राहिम रोजा आणि गोलघुमट पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिकीट काढलं की कुणीही जातं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. जामा मशिदीत नमाज चालते. बाकीच्या वेळी सगळ्यांना जाता येतं, नमाजच्या वेळा सोडा. जोड गुंबज आणि अमीन दर्गा इथे लोक आजही दर्शनाला येतात. माहीमला मखदूम बाबांच्या दर्ग्यात जसे वागता तसंच वागा: चपला बाहेर, डोकं झाकलेलं, कबरीकडे पाठ न करता मागे सरकायचं. बायकांनी ओढणी किंवा पदर घ्यावा, यजमानांनी खिशात रुमाल ठेवावा. कबरीच्या खोलीत बायकांनी जायचं की नाही, हे मुजावराला, म्हणजे दर्ग्याच्या सेवेकऱ्याला, दारातच विचारून घ्या. आपल्याकडे हाजीअलीचा प्रश्न 2016 मध्ये उच्च न्यायालयात सुटला, प्रत्येक ठिकाणी रीत तशीच असेल असं धरून चालू नका. असर महालात पैगंबरांचे अवशेष जपलेले आहेत आणि तिथे आत बायकांना प्रवेश नाही. मुलीला हे आधी सांगून ठेवा, दारात कळलं की तिला वाईट वाटेल. बाहेरचा भव्य सोपा आणि हौद मात्र सगळ्यांना बघता येतो.

फोटोंचं एकच सांगतो: नमाज पढणाऱ्याचा किंवा कबरीपाशी रडणाऱ्याचा फोटो काढू नका, परवानगीनेही नको.

जेवायला कुठलीही साधी खानावळ. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी, दही. सोलापूरला तुम्ही जेवणार तेच, फक्त भाकरी पातळ. मराठी बऱ्याच जणांना कळते, दख्खनी हिंदी सगळ्यांना. गावाचं नाव 2014 पासून सरकारी कागदांवर आणि रेल्वेच्या पाट्यांवर विजयपुरा आहे, तिकीट काढताना तेच शोधा. सीएसएमटीहून सोलापूरमार्गे विजयपुराकडे जाणारी रात्रीची थेट गाडीही आहे, तिने परत आलात तर सासूबाईंचा बसचा त्रास वाचेल.

लग्नाची तारीख बघून दोन दिवस असे निवडा की शुक्रवार मध्ये येणार नाही. त्या दिवशी संग्रहालय बंद असतं आणि दुपारी जामा मशिदीत गर्दी असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जात असाल तर दिवसभर फिरता येईल. मार्चनंतर असेल तर बारा ते तीन खोलीवर विश्रांती घ्या आणि आरकिल्ला पहिल्या दिवशी सकाळी उरकून ठेवा, तिथे सावली नाही.